मासळीच्या गावातला सोमवार

मालवणला किंवा गोव्याला निघालेल्या शाकाहारी माणसाला घरचे, शेजारचे आणि ऑफिसातले एकच प्रश्न विचारतात: ‘तू तिथे जाऊन खाणार काय?’ विचारणाऱ्याच्या स्वरात निम्मी कीव असते, निम्मी थट्टा. मग पिशवीत थेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी भरली जाते आणि समुद्र पाहायला गेलेला माणूस दोन दिवस घाटावरच्या शिदोरीवर काढतो. अलीकडे या मंडळींत व्हीगन म्हणवणाऱ्यांची भर पडली आहे. त्यांना मासे-मटण तर नकोच, वर दूध, दही, तूप आणि मधही नको. त्यांना प्रश्न विचारण्याच्या भानगडीतही कोणी पडत नाही. ‘मग घरीच बस’ म्हणतात.

किनाऱ्यावर शाकाहार नाही, असं मात्र नाही. भरपूर आहे आणि चवीचा आहे. फक्त तो घाटावर असतो तसा माणसांमाणसांत वाटलेला नाही, वारांत आणि तिथींत वाटलेला आहे. पुण्यात माणूस शाकाहारी असतो, मालवणात सोमवार शाकाहारी असतो. सोमवार, संकष्टी, एकादशी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, गणपतीचे दिवस, घरच्या देवाचा वार असं धरत गेलं, तर मासळीवर जीव असलेल्या घरातही वर्षातले पुष्कळ दिवस चुलीवर मासळी चढत नाही. त्या दिवशी ते घर हात चोळत बसत नाही. काही पदार्थ त्या दिवसांचेच म्हणून ठरलेले असतात आणि पोरं त्यांची वाट पाहत असतात. पर्यटकाला याचा पत्ता लागत नाही, कारण हॉटेलचं कॅलेंडर निराळं. तिथे रोजच रविवार.

हॉटेलातलं मेन्यूकार्ड उघडून पाहा. मासळीचं पान वाचताना गाव दिसतं. सुरमई, पापलेट, बांगडा, मोरी, तिसऱ्या, कुर्ल्या, आणि भावाच्या जागी ‘बाजारभावाप्रमाणे’. पान उलटलं की आपण हायवेवरच्या ढाब्यात. पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, काजू करी, दाल फ्राय, जिरा राइस. त्यातला काजू तेवढा वेंगुर्ल्याकडचा असेल, पण तोही क्रीममध्ये वाटून ओळख पुसलेला. पनीर तर कोकणाचं कधीच नव्हतं. इथे मुळात दुधाचीच ओढाताण. मुसळधार पावसावर वाढणाऱ्या डोंगरउतारावरच्या गवतात सत्त्व थोडं, दिवाळीनंतर तेही वाळून जातं. त्यावर जगणारी इथली गाय अंगाने लहान, काटक, नांगराला चांगला बैल देणारी, पण दुधाला बेताची. ‘कोकण कपिला’ या नावाने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे. सिंधुदुर्गातल्या गावांना आणि गोव्यालाही पिशवीतलं दूध मोठ्या प्रमाणावर घाट उतरून येतं. म्हणजे शाकाहारी पाहुणा आणि त्याच्या ताटातलं पनीर, दोघे एकाच वाटेने आलेले.

यात हॉटेलवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर घराघरांतून खोल्या निघाल्या, पडवीत टेबलं मांडली गेली आणि पाहुणा मागेल ते देणं हा धंदा झाला. मासेखाऊ पाहुणा येतो तो गावचं जेवण मागत. शाकाहारी पाहुणा मागतो ते स्वतःच्या गावचं. त्याला ओळखीचं काहीतरी हवं असतं. अनोळखी वाटीत काय असेल या धास्तीने तो पनीरच्या आश्रयाला जातो. त्याची धास्ती अगदीच खोटी नाही, पण ते पुढे सांगतो.

बंदराजवळच्या एका घरगुती खानावळीत भाचीला घेऊन गेलो होतो, तो दिवस रविवारचा. मी घरच्या वळणाने शाकाहारी, भाची स्वतःच्या विचाराने व्हीगन. मासे खात नाही म्हटल्यावर खानावळ चालवणाऱ्या काकींनी पोळपाटावरून वर पाहिलं. ‘मगे खातल्यात काय?’ आम्ही म्हटलं, तुम्ही जे कराल ते. काकी म्हणाल्या, ‘उद्या सोमवार. उद्या येवा.’ त्यात टाळाटाळ नव्हती. आज मासळीचा दिवस, आज तुम्हाला वरण-भात आणि बटाट्याची भाजी देता येईल, पण ते काही जेवण नव्हे, असा त्याचा अर्थ होता.

सोमवारी ताटात काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. हे वाटाणे बारीक, काळपट, दगडासारखे टणक. आदल्या रात्री भिजत घातल्याशिवाय ते दाद देत नाहीत, आणि शिजले तरी साल जागेवर राहून आतला गर तेवढा मऊ होतो. खरं काम वाटपाचं. कांदा आणि ओलं खोबरं वेगवेगळं, जवळजवळ काळं पडेपर्यंत भाजायचं. थोडं अलीकडे थांबलं तर रस्सा गोडसर आणि फिका, थोडं पलीकडे गेलं तर कडू. ते बारीक वाटून त्यात मालवणी मसाला. कोंबडीच्या रश्शाला लागतं तेच हे वाटप, त्याच हाताचं. सोबत कधी आंबोळी, कधी वडे. तांदूळ आणि उडदाचं रात्रभर आंबवलेलं पीठ बिडाच्या तव्यावर ओतून झाकण ठेवायचं, आंबोळी उलटायची नाही. वरची बाजू जाळीदार राहते आणि त्या जाळीत रस्सा मुरतो. वडे म्हणजे जगप्रसिद्ध कोंबडी-वड्यांतलेच वडे. वार पाळायचा म्हणून कोंबडी उठून गेली तरी वडे जागचे हलत नाहीत. बाजूला रव्यात घोळवून तळलेली सुरणाची कापं. सुरमईला लावतात तोच मसाला आणि तोच रवा. नीरफणसाच्या दिवसांत नीरफणसाची कापं असतात आणि ती तर सुरणाच्याही वरताण. शेवटी भातावर सोलकढी.

भाची प्रत्येक वाटी पुढे आली की विचारत होती, यात दूध आहे का, दही आहे का. काकींचं उत्तर दर वेळी एकच: नारळाचा रस. तूप विचारलं तर म्हणाल्या, तूप कशाला? अख्ख्या ताटात जनावराचा एक थेंब नव्हता आणि ते तसं आहे हे स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या गावीही नव्हतं.

घाटावरच्या शाकाहाराचा कणा दूध आहे. ताक, दही, लोणी, तूप, खवा आणि आता पनीर. सात्त्विक म्हटलं की तिकडे तुपाची धार डोळ्यांपुढे येते. किनाऱ्यावर दुधाची बहुतेक कामं नारळाने उचलली. रस दाट हवा तर पहिल्या पिळण्याचा, पातळ हवा तर दुसऱ्या पिळण्याचा. पातळ रसात भाजी शिजवायची, दाट रस शेवटी घालायचा आणि उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर तो फाटतो. आंबटपणासाठीही दह्यापाशी जावं लागत नाही. कोकम आहे, चिंच आहे, बिंबलं आहेत, दिवस असतील तर कैरी आहे. गोडात तर नारळ-गुळाचं राज्यच. शिरवाळ्यांसाठी तांदळाच्या पिठाचे वाफवलेले गोळे लाकडी साच्यातून दाबून काढतात, दाबायला दोन माणसं लागतात, आणि त्या शेवया गूळ-वेलदोड्याच्या रसात बुडवून खातात. जाळीदार खापरोळ्याही तशाच रसातल्या. गोव्यात मणगणं आहे, चण्याची डाळ, साबुदाणा, गूळ आणि नारळाचा रस. ख्रिस्ती घरांतलं दोदोल तांदळाचं पीठ, गूळ आणि नारळाचा रस तासन्‌तास ढवळून आटवलेलं. बिबिंकाला मात्र अंडी आणि तूप दोन्ही लागतात, तिथे भाचीचा इलाज नाही. उकडीच्या मोदकाचं काय? उकड तांदळाची, सारण खोबरं-गुळाचं. वरून तुपाची धार पडेपर्यंत मोदक व्हीगन असतो.

म्हणून मला वाटतं, किनाऱ्यावरच्या गावात खरं परकेपण व्हीगन पाहुण्याच्या वाट्याला यायला नको. आमच्यासारख्या दूधखाऊ शाकाहाऱ्यांचीच अडचण जास्त, कारण आम्ही जे मागतो ते तिथे पिकत नाही. प्रत्यक्षात उलटं घडतं. व्हीगन शब्द ऐकून वेटर गोंधळतो आणि ‘प्युअर व्हेज’ म्हटलं की सरळ पनीर घेऊन येतो.

पण यावरून कोकणाने अहिंसेचं व्रत घेतलं होतं, असली गोड कथा कोणी रचू नये. नारळ आला तो गाय दुधाला बेताची म्हणून आणि माड दारात म्हणून. ज्या चुलीवर सोमवारी वाटाणे शिजतात त्याच चुलीवर मंगळवारी बांगड्याचं तिखलं असतं. एवढंच नव्हे, इतर दिवसांच्या भाजीतही मासळी डोकावते. वांग्यात सुकट, दोडक्यात जवळा, कुठे थोडे सोडे. ती भाजी तिथे वांग्याची भाजी म्हणूनच ओळखली जाते, कारण सुकट त्यात चवीपुरती असते. आपण विचारलं ‘भाजी आहे का?’ तर उत्तर ‘आहे’ असंच येणार आणि ते खोटं नसणार. पाहुण्याच्या धास्तीला आधार आहे तो इथे. त्यावर उपाय म्हणजे नेमकं विचारणं. सुकट घातली आहे का, जवळा आहे का, तव्यावर आधी मासे तळले होते का. किनाऱ्यावरच्या कुणाही बाईला हे प्रश्न कळतात, कारण वाराच्या दिवशी ती स्वतः तेच पाहते. शाकाहारी हे विशेषण मोघम आहे, सुकट हा शब्द मोघम नाही.

इथे माझी आणि भाचीची वाट वेगळी होते. मला तव्याचं वाटतं. ज्या तव्यावर सुरमई तळली त्यावर सुरणाचं काप तळलं तर घशाखाली उतरत नाही. भाचीला तव्याचं काही नाही. एक मासा जास्त मेला का, नाही ना, मग तवा कुठलाही असो. पण माझ्या भातावर पडलेलं तूप तिला खुपतं, कारण त्या तुपामागे बांधलेली गाय आहे, आईपासून तोडलेलं वासरू आहे. माझ्या नकाराचं मूळ विटाळाच्या कल्पनेत आहे, तिच्या नकाराचं मूळ इजेच्या हिशेबात. दोघे एकाच टेबलावर बसून एकाच थाळीला नाही म्हणतो, म्हणून लोक आम्हाला एका माळेत ओवतात. प्रामाणिकपणे पाहिलं तर माझा नकार काकींच्या सोमवाराच्या जवळचा आहे. सोमवारची भांडी वेगळी, सकाळची अंघोळ, आधी नैवेद्याचं पान, हे सगळं मला न सांगता कळतं. भाचीचा नकार त्यांना बसवता येईना. त्यांनी विचारलं, ‘कसलो उपास?’ उपास नाही, कायमचंच, म्हटल्यावर ‘बारा म्हयने?’ म्हणून त्या तिच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या हिशेबात न खाण्याला मुदत असते. सोमवार संपतो, श्रावण संपतो, आणि मग मासळी अधिक गोड लागते. न संपणारा सोमवार ही त्यांच्या दृष्टीने जरा खिन्न करणारी कल्पना असावी.

आपल्याकडच्या कायद्यानेही बराच काळ माझीच बाजू घेतली. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याला दूध-तूप चालतं, अंडं चालत नाही. ‘व्हीगन’ हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मित्रमंडळींनी काढला तो नेमका या दुधाच्या प्रश्नावरून, शाकाहारी सोसायटीत त्यांचं समाधान होईना म्हणून. भारतात व्हीगन अन्नासाठी वेगळे नियम यायला २०२२ साल उजाडावं लागलं. मधल्या काळात ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीने जे शुद्ध ठरवलं त्यात कोण शिवलं, कोणाच्या भांड्यात शिजलं, कोण शेजारी बसून काय खातं, हेच जास्त होतं. ही पाटी किनाऱ्यावरच्या गावात लागते तेव्हा मला अवघडल्यासारखं होतं. आजूबाजूला सगळी मासळीवर जगणारी माणसं, आणि मधोमध आपण शुद्ध! पाटीचा उपयोग मलाही होतो हे नाकारत नाही. तरी गावात पाहुणा म्हणून जायचं आणि गावालाच अशुद्ध ठरवून जेवायचं, हे पाहुणेपणाला शोभत नाही. ‘मी खात नाही’ म्हणणं आणि ‘तुमचं अशुद्ध’ म्हणणं यांत अंतर आहे. वार पाळणाऱ्या काकींना ते नीट कळतं, त्या सोमवारी शेजाऱ्याच्या मंगळवाराला नावं ठेवत नाहीत.

(जैन पाहुण्याची अडचण आणखी निराळी. मासळीशिवायच्या जेवणात इथे सुरण, करांदे, कणगर अशा कंदांचा भरणा, आणि नेमके तेच त्याला वर्ज्य. त्याच्या थेपल्यांना मी कधी हसणार नाही.)

गोव्यात चित्र थोडं वेगळं दिसतं, कारण तिथे शाकाहार न्याहारीच्या वेळी उघड्यावर असतो. सकाळी पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो, आणि पणजी, म्हापसा, मडगावच्या जुन्या कॅफेंतून भाजी-पावाची गर्दी उसळते. पातळ भाजी, सुकी भाजी, टोमॅटोची भाजी, अळसांद्यांचं नारळातलं तोंडाक. शेजारी बसलेला माणूस दुपारी माशांचं हुमण आणि भात खाणारच असतो, पण सकाळची त्याची बशी शिवराक, म्हणजे शाकाहारी असते आणि त्यासाठी त्याला वार लागत नाही. देवळांच्या समाराधनेत खतखतं असतं, अनेक भाज्या आणि कंद एकत्र शिजवलेलं, त्याला तिरफळांचा जिभेला झिणझिण्या आणणारा वास. बांगड्याच्या आमटीतली ती तिरफळं आणि ही तिरफळं एकाच डब्यातली. ख्रिस्ती शेजाऱ्याचं कॅलेंडर आणखी वेगळं. त्याच्या उपासाच्या शुक्रवारी मांस नाही, मासळी मात्र चालते. आणि हळदीच्या पानातल्या पातोळ्या हिंदू घरात नागपंचमीला, ख्रिस्ती घरात १५ ऑगस्टच्या सायबिणीच्या फेस्ताला. पान तेच, आतलं गूळ-खोबऱ्याचं चून तेच, फक्त तारखेवर एकमत नाही.

याच गोव्यात हरमल, आसगाव, हणजुणे या पट्ट्यात दुसरा शाकाहार आहे. साठ-सत्तरच्या दशकांत हिप्पी आले, त्यांच्यामागून योग शिकणारे-शिकवणारे आले, आणि आता बदामाचं दूध, टोफू, अव्होकाडो, फळांचे रंगीत वाडगे मिळणारे कॅफे उभे आहेत. याची टिंगल करायची मला इच्छा नाही. भाचीला तिथे कोणी उलटतपासणी घेत नाही, ती निश्चिंत बसते, आणि निश्चिंत बसायला मिळणं हा प्रवासातला मोठा भाग आहे. पण ज्या बागेत माड वाकून टेबलावर सावली धरतो त्या बागेत पेटीबंद बदामाच्या दुधाचे पैसे मोजताना मी तरी ओशाळतो. कॅफेवाल्याने आतल्या गावात चौकशी केली असती तर त्याचं निम्मं मेन्यूकार्ड तिथेच सापडलं असतं, नावं मात्र उच्चारायला अवघड गेली असती.

कॅलेंडरचा हा मामला आपल्याच किनाऱ्यापुरता नाही. मराठी माणूस हल्ली हौसेने जातो त्या थायलंडातल्या फुकेतमध्ये चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव असतो. रस्तोरस्ती पिवळ्या पताका लागतात आणि त्या पताकेखालच्या गाड्यांवर मांस, मासे, अंडी, दूध यांपैकी काही नसतं, कांदा-लसूणही नसतो. एरवी साध्या परतलेल्या पालेभाजीतही माशांचा सॉस पडतो अशा गावात नऊ दिवस शाकाहाऱ्याची चैन. आमच्या सहली त्याच आठवड्यात तिथे असल्या तरी जेवतात टूर कंपनीने सोबत नेलेल्या महाराजांच्या हातचं. छोले, पुऱ्या, पनीर.

आणखी एक गोची आहे ऋतूची. पर्यटक येतात दिवाळी ते होळी आणि मे महिन्यात. किनाऱ्यावरची भाजी खरी बहरते पावसात. जूनच्या १ तारखेपासून जुलैअखेर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, दर्या खवळलेला, आणि परसात, बांधांवर, डोंगरावर हिरवं हिरवं उगवतं. टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू, फोडशी. पुढे पडवळ, दोडकी आणि मांडवावर लोंबणारी तवशी. पहिल्या गडगडाटानंतर रानात अळंबी निघते आणि ती विकायला बसलेल्या बाईभोवती मासळीबाजारासारखी झुंबड उडते. मग श्रावण येतो, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ जातो, पाठोपाठ गणपती. शाकाहारी माणसाने कोकणात जायचे दिवस हे. नेमके त्याच दिवसांत खोल्या रिकाम्या, खानावळींच्या पडव्यांना प्लास्टिकचे पडदे. त्याला अपवाद काजूगरांचा. ओले काजूगर फेब्रुवारीपासून दोन-तीन महिने मिळतात आणि हिवाळ्याच्या शेवटी गेलेल्या पाहुण्याला त्यांची उसळ गाठता येते. अर्थात विचारली तर. मेन्यूकार्डावर ती सहसा नसते.

मासळी न खाणाऱ्याने किनाऱ्यावर जाताना मासेमाराकडे कसं पाहायचं, हा प्रश्न भाचीने काढला होता. तिचं म्हणणं असं की मासा मासाच, जाळं कोणाचंही असो. मला तेवढं सरळ दिसत नाही. रापण ओढताना मी पाहिली आहे. होडीने समुद्रात लांबवर अर्धगोलात जाळं टाकलेलं असतं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर दोन रांगांच्या हातात. दोर ओढत ओढत माणसं मागे सरकतात, शेवटच्या माणसाने दोर गुंडाळायचा आणि पुन्हा पुढे पाण्यात जाऊन धरायचा. जाळं वाळूवर आलं की मासळीचे वाटे पडतात, ओढणाऱ्याला वाटा असतो. या माणसांचं भांडण गेली कित्येक वर्षं आहे ते यांत्रिक बोटींच्या मोठ्या जाळ्यांशी. पर्ससीन मासेमारीवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध घातले, समुद्रात दिवे लावून एलईडीने मासे गोळा करण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली, तरी मालवणच्या बंदरात हा वाद थंड झालेला नाही. समुद्र रिकामा होण्याची भीती सर्वांत आधी रापणकरालाच वाटते आणि तिच्यापायी तो रस्त्यावर उतरतो. त्याच्या ताटातल्या पेडव्याला आणि शहरातून येऊन बारा महिने सुरमईच हवी म्हणणाऱ्याच्या हट्टाला मी एका तागडीत टाकणार नाही. भाची टाकते. तिच्या हिशेबात पेडवाही जीव आहे, आणि या मुद्द्यावर तिला देण्यासारखं उत्तर माझ्याजवळ नाही. दही खाणाऱ्याने तर या वादात फार आवाज चढवूही नये.

राहता राहिला पैशाचा भाग, आणि माझ्या मते सोमवारचं जेवण मेन्यूकार्डावर न येण्याचं मुख्य कारण तोच. काजूगर विकणाऱ्या बाईची बोटं पाहिली आहेत का? ओल्या बीच्या सालात दाहक चीक असतो. बी चिरून गर काढता काढता बोटांची कातडी काळी पडते, सोलवटते. मग कोमट पाण्यात टाकून एकेका गराची आतली साल काढायची. म्हणून ते शेकड्याने मोजून विकतात आणि भाव चांगल्या मासळीच्या बरोबरीने जातो. वाटाणे स्वस्त खरे, पण त्यांना आदली रात्र द्यावी लागते, भाजायला आणि वाटायला माणूस द्यावा लागतो. बांगडा पंधरा मिनिटांत ताटात येतो, पनीर त्याहून लवकर. एवढं करून केलेल्या थाळीचा भाव सुरमई थाळीइतका सांगितला की पाहुणा म्हणतो, ‘व्हेजचे एवढे?’ मासळीच्या भावावर घासाघीस न करणारा माणूस भाजीच्या भावावर करतो. तीही बहुतेक वेळा शाकाहारीच करतो. आपण जे खातो ते स्वस्तच असलं पाहिजे, हे त्याने स्वतःच ठरवून टाकलेलं असतं. काकींच्या खानावळीत हंगामात काजूगराची उसळ होते, पण ती आतल्या खोलीत, घरच्या माणसांसाठी. बाहेरच्या पडवीत काजू करी विकली जाते, आणि तिच्या भावाबद्दल आजवर कोणी तक्रार केली नाही, असं त्या सांगतात.